सॉलिड ॲक्सलच्या पिकअपला स्टिअरिंग: सुटे भाग निवडण्याआधी आणि निवडताना

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी माणसाचा ‘ट्रक’ या शब्दावर हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे ट्रक म्हणजे मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेला. इथे ट्रक म्हणजे शेजाऱ्याच्या दारात उभी असलेली पिकअप. हा लेख त्या पिकअपबद्दल आहे. पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन कापून काढायचं, त्याजागी अखंड म्हणजे सॉलिड ॲक्सल टाकायचा आणि मग त्या ॲक्सलला वळवायचं कसं ते ठरवायचं, असा हा उद्योग आहे.

उदाहरण म्हणून मी टोयोटाची जुनी पिकअप घेतो, कारण माझे हात त्याच गाडीवर काळे झालेत. १९७९ ते १९८५ या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटाच्या फोर-बाय-फोर पिकअपला पुढे सॉलिड ॲक्सल आणि कमानपाटे होते. १९८६ पासून टॉर्शन बारचं, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या दांड्यावर चालणारं, स्वतंत्र सस्पेन्शन आलं. रस्त्यावर ते मऊ चालतं, पण दगडधोंड्यांत एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं हवेत लटकतं. म्हणून १९८६ ते १९९५ च्या गाडीखाली आधीच्या पिढीचा ॲक्सल टाकणं हा इथल्या हौशी लोकांचा जुना छंद. ज्यांनी महाराष्ट्रात मारुती जिप्सी किंवा महिंद्राची जुनी जीप हाकली आहे त्यांना सॉलिड ॲक्सल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे वाचून कुणी पुण्यात किंवा कोल्हापुरात आपल्या गाडीखाली गॅस कटर घालू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. गाडीची उंची किती वाढवता येते, तपासणी लागते का, हे आपापल्या राज्यात आधी पाहून घ्या.

साखळी ओळखून घ्या

हातातलं स्टिअरिंग फिरलं की शाफ्ट फिरतो. शाफ्ट स्टिअरिंग बॉक्समध्ये जातो. बॉक्समधून खाली एक दातेरी दांडा येतो, त्यावर पिटमन आर्म बसतो. आपल्याकडे गॅरेजमध्ये यालाच ड्रॉप आर्म म्हणतात आणि मीही तेच म्हणणार आहे. ड्रॉप आर्मच्या टोकाला ड्रॅग लिंक. ड्रॅग लिंक एका चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसून वळतं त्या भागाला, ढकलते-ओढते, आणि टाय रॉड दोन्ही नकल एकमेकांना बांधून ठेवतो.

यातला महत्त्वाचा फरक असा: टाय रॉडची दोन्ही टोकं ॲक्सलवरच आहेत, त्यामुळे ॲक्सल वर-खाली झाला तरी त्याला काही फरक पडत नाही. ड्रॅग लिंकचं एक टोक चासीवर आणि दुसरं ॲक्सलवर. चासी आणि ॲक्सल सतत एकमेकांपासून दूर-जवळ होत असतात. सगळ्या भानगडींचं मूळ तिथे आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच की भाग निवडायला ड्रॅग लिंकच्या रेषेपासून सुरुवात करा. दुकानांच्या याद्या मात्र उलट्या लावलेल्या असतात. आधी चमचमणारे आर्म, मग पॉलिश केलेली नळी, मग बॉक्स. नवखा माणूस त्याच क्रमाने खरेदी करतो आणि शेवटी ड्रॅग लिंक जिथे जागा उरेल तिथे तिरकी घुसवतो. मी पहिल्या गाडीला नेमकं हेच केलं होतं.

पायरी १: गाडी तिच्या खऱ्या उंचीवर उभी करा

ॲक्सल आणि पाटे बसलेत, इंजिन-गिअरबॉक्स जागेवर आहे, टायर चढवलेत आणि गाडीचं वजन पाट्यांवर पडलंय, अशा अवस्थेतच मापं घ्या. गाडीची चासी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, टेकलेली असताना ॲक्सल खाली लोंबत असतो. त्या मापावर केलेली ड्रॅग लिंक गाडी जमिनीवर येताच वेगळ्याच कोनात जाते. मी घाई केली आणि नळी दोनदा कापावी लागली. नळी कापून लांब होत नाही, हे लक्षात यायला एक शनिवार गेला.

याच वेळी कॅस्टर, म्हणजे नकलच्या आसाचा झुकाव, बघून घ्या. नकलचा वरचा सांधा खालच्या सांध्यापेक्षा किंचित मागे झुकलेला हवा, म्हणजे चाकं आपोआप सरळ येतात. गाडी उंच करताना ॲक्सलवर पाटे ज्यांवर बसतात त्या गाद्या फिरल्या की हा झुकाव कमी होतो आणि महामार्गावर गाडी भटकते. कॅस्टर बिघडलेला असेल तर कितीही महाग स्टिअरिंग टाका, गाडी सरळ जाणार नाही. तो दुरुस्त केला की आर्मची जागाही थोडी सरकते, म्हणून हे काम आधी.

जुना टोयोटा ॲक्सल नंतरच्या गाडीच्या मागच्या ॲक्सलपेक्षा साधारण ३ इंच अरुंद आहे. बरेच जण पुढच्या चाकांच्या आत स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, लावून रुंदी जुळवतात. चालतं, पण चाक नकलच्या आसापासून जितकं बाहेर जाईल तितका दगडाचा धक्का स्टिअरिंगच्या दांड्यांवर जास्त येतो. स्पेसर लावणार असाल तर टाय रॉडमध्ये काटकसर करू नका.

पायरी २: रचना ठरवा

तीन रचना समोर येतील.

पहिली, मूळ टोयोटाची: ड्रॉप आर्म पुढे-मागे हलतो आणि आखूड ड्रॅग लिंक डाव्या नकलला पुढे-मागे ढकलते. टाय रॉड ॲक्सलच्या मागे, पाट्यांच्या खालून जातो. मूळ उंचीला ही रचना ठीक आहे. गाडी ४-५ इंच उंच केली की आखूड ड्रॅग लिंक कड्यावरून दोर सोडल्यासारखी उतरते. शिवाय ब्रेक दाबल्यावर पाटे वळतात, ॲक्सल किंचित मागे-पुढे होतो, आणि ती हालचाल थेट स्टिअरिंगमध्ये येते. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढली जाते, आणि लोक ब्रेकच तपासत बसतात. खालून जाणारा टाय रॉड दगडावर आपटून वाकतो ते वेगळंच.

दुसरी: उजव्या नकलपासून ड्रॉप आर्मपर्यंत लांब दांडा, आणि डाव्या नकलचा टाय रॉड त्या दांड्यालाच मधे जोडलेला. उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी. भाग कमी लागतात, पैसे कमी. पण ॲक्सल वर-खाली झाला की टो, म्हणजे दोन चाकांच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर यांतला फरक, बदलत राहतो आणि टायर पुढून घासतात. कंपन्यांनीही ही वापरली आहे, तरी उंच केलेल्या गाडीला मी ती सुचवणार नाही.

तिसरी: ड्रॅग लिंक डावीकडच्या बॉक्सपासून उजव्या नकलपर्यंत आडवी, आणि टाय रॉड पूर्ण वेगळा. याला क्रॉसओव्हर म्हणतात. नकलच्या वरच्या टोपीच्या जागी जाड सपाट आर्म बसवून दोन्ही दांडे पाट्यांच्या वरून नेले की ती हाय-स्टिअर. पाट्यांच्या सॉलिड ॲक्सलला हीच घ्या. ड्रॅग लिंक लांब मिळते, आडवी राहते, आणि दांडे दगडांपासून वर जातात.

टोयोटावाल्यांचं एक नशीब इथे फळतं. १९८६ नंतरच्या स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत जो बॉक्स आहे त्याचा ड्रॉप आर्म डावी-उजवी हलतो, म्हणजे क्रॉसओव्हरला हवा तसाच. जो बॉक्स काढून भंगारात टाकणार होतात तोच चासीवर नव्या जागी बसतो. उलट ज्यांच्याकडे १९८५ आधीची गाडी आहे ते हाच बॉक्स जंकयार्डमध्ये शोधत फिरतात. शेवरोलेच्या १९७३ ते १९८७ च्या फोर-बाय-फोर पिकअपलाही मूळ रचना पुढे-मागे ढकलणारीच, आणि तिथे क्रॉसओव्हरसाठी लोक टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपचा बॉक्स वापरतात.

पायरी ३: ड्रॅग लिंकची रेषा

इथे वेळ घालवा. बाकी सगळं पैशाने सुटतं, ही रेषा फक्त मोजून सुटते.

ड्रॉप आर्मचं टोक जिथे येईल असं वाटतं तिथून उजव्या आर्मच्या भोकापर्यंत सुतळी ताणा. गवंड्याची पातळी किंवा फोनमधला कोनमापक लावून तिचा उतार बघा. आता हिशोब करू. समजा ड्रॅग लिंक ३६ इंच लांब आहे आणि तिचं एक टोक दुसऱ्यापेक्षा २ इंच खाली आहे. ॲक्सल ३ इंच वर आला तर तिची आडवी लांबी साधारण ०.०४ इंच बदलते. हाताला कळणारही नाही. पण तीच दांडी ९ इंच उतरत असेल तर त्याच ३ इंचांत आडवी लांबी ०.६४ इंच बदलते. नकलचा आर्म ६ इंचांचा असेल तर याचा अर्थ चाक आपोआप सुमारे ६ अंश वळतं. तुम्ही स्टिअरिंग सरळ धरलंय, गाडी स्पीडब्रेकरवर गेली आणि चाकांनी स्वतःच वळायचं ठरवलं. यालाच बंप स्टिअर म्हणतात. ताशी ६० मैलांवर त्याचा अनुभव घेऊ नये.

उतार आणि लांबी, दोन्हींचा परिणाम या आकड्यांत दिसतो. दांडी लांब हवी आणि उभ्या गाडीत शक्य तितकी आडवी हवी. उतार जास्त येत असेल तर तो कमी करायचे मार्ग क्रमाने असे: आधी बॉक्स चासीवर खाली किंवा पुढे सरकवता येतो का पाहा, मग नकलवरचा आर्म वर घ्या, आणि अगदी शेवटी खाली वाकलेला ड्रॉप आर्म. खाली वाकलेला ड्रॉप आर्म स्वस्त आणि सोपा असतो म्हणून लोक आधी तोच उचलतात. तो बॉक्सच्या दांड्यावर जास्त पीळ टाकतो, आणि बॉक्सचा बेअरिंग व सील लवकर जातात.

पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग लावणार असाल तर ॲक्सल आडवा धरून ठेवायला पॅनहार्ड दांडी लागते. मग नियम बदलतो. ड्रॅग लिंक आडवी असण्यापेक्षा ती पॅनहार्डला समांतर आणि शक्यतो तितकीच लांब असणं महत्त्वाचं, म्हणजे दोघी एकाच कमानीत फिरतात. एक आडवी आणि दुसरी तिरपी असेल तर आडव्या दांडीचाही उपयोग नाही. जिम्नी हाताळलेल्यांनी पुढच्या चाकांमध्ये वाकून पाहावं, दोन दांड्या जोडीने जाताना दिसतील.

रेषा ठरली की अडथळे बघा. टोयोटाचा डिफरन्शियल उजव्या बाजूला आहे आणि इंजिनचं ऑइल पॅन वर बसलंय. ॲक्सल बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे त्याला वर थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत, वर आणा (मुख्य पान ठेवून पाट्यांची बाकीची पानं काढली आणि जॅकने उचलला की जमतं), स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा, आणि ड्रॅग लिंक ऑइल पॅनला, चासीला, डिफरन्शियलच्या घराला कुठे लागते ते खडूने खूण करून ठेवा. लागत असेल तर बंप स्टॉप खाली आणा. आशेवर सोडू नका.

पायरी ४: बॉक्स आणि ड्रॉप आर्म

बॉक्स विकत घेताना दोन गोष्टी जुळायला हव्यात: वरचे दाते शाफ्टशी, खालचे दाते ड्रॉप आर्मशी. एकाच कंपनीच्या दोन वर्षांच्या बॉक्सला वेगळे दाते असू शकतात. दाते मोजा, दांड्याची जाडी मोजा, फोटो पाहून मागवू नका.

जुना बॉक्स तपासायची पद्धत: वरचा दांडा हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. नेमका मधोमध तो किंचित घट्ट लागला पाहिजे. मध्ये झोल आणि कडेला घट्ट असेल तर बॉक्स मधल्या जागी झिजलेला आहे. खालचा दांडा हाताने आडवा हलवून पाहा, हलला तर बेअरिंग गेलं. वरचा स्क्रू आवळून झोल लपवलेले बॉक्स बाजारात भरपूर येतात. असा बॉक्स सरळ रस्त्यावर छान वाटतो आणि वळणावर परत यायला तयार नसतो.

दिशेचाही विचार करा. बॉक्स उलटा बसवला किंवा ड्रॉप आर्म मागच्या ऐवजी पुढे काढला तर स्टिअरिंग डावीकडे फिरवल्यावर चाकं उजवीकडे जातील. विनोद वाटतो, पण मी हे एका गॅरेजात डोळ्यांनी पाहिलंय.

लांबीचं गणित सोपं आहे. समजा बॉक्सचा खालचा दांडा मधून दोन्ही बाजूंना ४५-४५ अंश फिरतो आणि ड्रॉप आर्म ६ इंच आहे. तर त्याचं टोक एका बाजूला सुमारे ४.२ इंच जाईल. नकलचा आर्म ७ इंच असेल तर चाक साधारण ३७ अंश वळेल. ड्रॉप आर्म लांब केला की चाक जास्त आणि लवकर वळतं, पण हाताला आणि पॉवर स्टिअरिंगच्या पंपाला जड. आखूड केला की हलकं, पण गल्लीत गाडी वळवताना तीनदा मागे-पुढे करावं लागतं. तुमच्या बॉक्सचा खरा फिरता कोन मोजूनच हे ठरवा.

आता चासी. बॉक्सला मोठ्या टायरचा पूर्ण जोर पेलायचा असतो, आणि मूळ चासी त्यासाठी बनवलेली नाही. शेवरोलेच्या त्या जुन्या पिकअपची चासी बॉक्सच्या बोल्टांभोवती तडकते, हे इथे इतकं नेहमीचं आहे की तिच्यासाठी तयार जोडपट्ट्या मिळतात. टोयोटालाही बॉक्स नव्या जागी नेताना नुसती भोकं पाडून बोल्ट आवळू नका. चासी आतून पोकळ असते, बोल्ट आवळला की ती चेपते, चेपली की बोल्ट ढिला होतो. भोकातून आरपार जाड नळीचा तुकडा वेल्ड करून त्यातून बोल्ट न्या आणि बाहेरून जाड प्लेट लावा.

पायरी ५: टाय रॉड, नळी आणि टोकं

टायर ३१ इंची असताना जो टाय रॉड पुरतो तो ३५ इंचीला पुरत नाही. नळी घेताना डीओएम, म्हणजे आतल्या दांड्यावरून ओढून नेमक्या मापाची केलेली मजबूत नळी घ्या, साधी पाइप नको. पाण्याच्या पाइपचा टाय रॉड करणारे महाभाग असतात, त्यांच्या मागून गाडी चालवू नये.

टोकं म्हणजे नळीच्या दोन्ही शेवटांना बसणारे गोळ्याचे सांधे. त्यांत इथे दोन घराणी आहेत. टोयोटावाले टोयोटाच्याच लँड क्रूझर ८० या मोठ्या गाडीची टोकं वापरतात, कारण ती जड गाडीसाठी घडवलेली आहेत आणि टोयोटाच्या आर्मना जुळवून घेतात. डेना कंपनीचा ‘डेना ४४’ किंवा शेवरोलेचा ॲक्सल टाकणारे जनरल मोटर्सच्या एक टनी पिकअपची टोकं घेतात. या एक टनी टोकांचे आटे ७/८ इंचाचे, इंचाला १८. म्हणून १ १/४ इंच बाहेरच्या मापाची आणि ०.२१९ इंच जाडीची नळी त्यांच्यासाठी सोयीची: आतलं भोक जवळजवळ १३/१६ इंच येतं आणि त्यात थेट आटे पाडता येतात.

टेपर हा नवख्यांना गंडवणारा भाग. टोकाचा खिळा सरळ नसतो, निमुळता असतो, आणि आर्मचं भोकही तितकंच निमुळतं लागतं. एक टनी टोकांचा टेपर फुटाला दीड इंच असतो. निमुळत्या रीमरने, म्हणजे भोक घासून मापात आणणाऱ्या हत्याराने, भोक करताना एकेक फेरा देऊन टोक बसवून पाहा. खिळा भोकात घट्ट रुतला पाहिजे आणि नट खाली बसायच्या आत तो तळाला टेकता कामा नये. डुगडुगणारा खिळा नट आवळून घट्ट करणारा माणूस स्वतःला फसवतो. काही महिन्यांत भोक लंबगोल होतं. आणि कुणी ड्रिल मशीनने सरळ भोक पाडून टोक बसवायचा सल्ला देत असेल तर त्याला हसून नमस्कार करा आणि निघा.

एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे आटे ठेवा, टाय रॉडला आणि ड्रॅग लिंकलाही. मग काही न सोडता नळी फिरवली की लांबी कमी-जास्त होते. दोन्हीकडे उजवे आटे ठेवले तर दर वेळी टोक उतरवावं लागतं. डाव्या आट्याचा टॅप महाग असतो, तरी घ्या, नाहीतर आटे पाडून देणाऱ्या लेथवाल्याकडे जा. वेल्ड करून बसवायचे आट्याचे तुकडेही मिळतात. चांगल्या वेल्डरच्या हातचे असतील तर हरकत नाही, पण स्टिअरिंगच्या दांड्यावर माझं स्वतःचं वेल्डिंग मी ठेवत नाही, आणि तेवढी नम्रता सगळ्यांनी बाळगावी. टोक नळीत किमान आपल्या व्यासाच्या दीडपट आत गेलेलं हवं. नळी आखूड पडली म्हणून टोक बाहेर काढून लांबी भागवू नका.

हाइम जॉइंटचा मोह होईल. गोळ्याचा उघडा सांधा, दोन्ही दिशांना भरपूर वळतो, स्वस्त पडतो. केवळ ट्रेलरवरून डोंगरात नेण्याच्या गाडीसाठी ठीक. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत माती-पाणी थेट गोळ्यात जातं, सहा महिन्यांत खडखड सुरू होते. शिवाय त्याचा बोल्ट फक्त एका बाजूने धरलेला असेल तर जोर आला की वाकतो. ग्रीस भरता येणारं, रबरी टोपीचं टाय रॉडचं टोकच घ्या, आणि ते नेहमी नवं घ्या. जंकयार्डमधून बॉक्स आणा, पंप आणा, पण टोकं आणू नका. मी एकदा अगदी स्वस्तातली टोकं मागवली होती. नवीन असूनही दोन महिन्यांत रबरी टोप्या फाटल्या आणि पुन्हा चांगल्या टोकांचे पैसे द्यावे लागले.

टाय रॉडचं टोक रिमच्या आतल्या कडेला घासतं का हेही बघा. हाय-स्टिअरमध्ये टोकं चाकाच्या उंचीला येतात, आणि १५ इंची रिम असेल तर जागा फारच कमी उरते. रिम बाहेरच्या बाजूला जास्त काढलेली घ्यावी लागते.

पायरी ६: नकलवरचे आर्म

टोयोटाच्या नकलवर आर्म चार स्टडनी बसतो, आणि प्रत्येक स्टडवर एक शंकूच्या आकाराचा वायसर असतो. तो शंकू आर्मच्या भोकात रुतून बसल्यामुळेच आर्म सरकत नाही. वायसर हरवले म्हणून साधे वायसर टाकले तर आर्म रोज केसभर सरकतो आणि स्टड तुटायला लागतात. हाय-स्टिअरमध्ये आर्म उंच असतो, त्यामुळे स्टडवरचा पीळ आणखी वाढतो. म्हणून जुने स्टड परत वापरू नका. जास्त ताकदीचे स्टड घ्या, भोकं तेलाविना कोरडी पुसून घ्या, आणि बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कवरच आवळा.

आर्म बदलताना नकलचे बेअरिंग उघडतातच. त्यांचा ताण शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, जुळवायचा असतो. नकलच्या टोकाला ताणकाटा अडकवून ओढून पाहतात, किती जोर लागायला हवा ते कारखान्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. हे सोडून दिलं तर पुढे ठराविक वेगाला अख्खं पुढचं अंग थरथरायला लागतं. इथे त्याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात, आणि लोक त्यावर स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे हादरे दाबणारा शॉक ॲब्सॉर्बर, विकत घेतात. डॅम्पर म्हणजे तापावर ओली पट्टी. झोल कुठे आहे तो शोधा.

आर्मची दिशा पाहताना वळणाच्या भूमितीचाही विचार करा. आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. वरून पाहिलं तर नकलचा मधला आस आणि टाय रॉडचं भोक यांना जोडणारी रेषा मागच्या ॲक्सलच्या मध्याकडे झुकावी. मागे जाणारे आर्म सहज हे साधतात. टाय रॉड ॲक्सलच्या पुढे आणायचा असेल तर भोकं बाहेर सरकायला हवीत, आणि तिथे चाक आडवं येतं. दगडांत हळू चालवणाऱ्या गाडीला थोडा फरक खपतो, रस्त्यावर टायर किंचाळतात.

शाफ्ट आणि पंप

बॉक्स पुढे सरकला की शाफ्ट लांबवावा लागतो. सांधा किती अंशांपर्यंत मुक्त फिरतो हे त्याच्या बनवणाऱ्याकडून घ्या आणि त्याच्या आतच राहा. दोन सांधे एकमेकांच्या ओळीत असले पाहिजेत, नाहीतर स्टिअरिंग फिरताना घट्ट-ढिलं-घट्ट लागतं. तिसरा सांधा आला तर शाफ्टला मधे आधाराचं बेअरिंग हवंच. एक्झॉस्टची नळी जवळून जात असेल तर सांध्याचं ग्रीस वितळतं, पत्र्याचा आडोसा लावा.

पंपाबद्दल थोडक्यात: मूळ पंप चालू असेल तर आधी तोच ठेवा. ३७ इंची टायरला हात दुखायला लागले तर बॉक्सला भोक पाडून टाय रॉडवर हायड्रॉलिक रॅम, म्हणजे तेलाच्या दाबावर ढकलणारा दट्ट्या, लावता येतो. यांत्रिक साखळी तशीच राहते, रॅम फक्त मदत करतो. बॉक्स काढून नुसत्या तेलाच्या नळ्यांवर चालणारी पूर्ण हायड्रॉलिक रचना रस्त्यावरच्या गाडीला नको. नळी फुटली तर हातात फक्त चाक राहतं.

रस्त्यावर काढण्याआधी

खरेदीचा क्रम आता सरळ होतो: ॲक्सल आणि पाटे, मग बॉक्सची जागा, मग आर्म आणि ड्रॉप आर्म, मग टोकं, आणि नळी सर्वात शेवटी. नळीचं माप बाकी सगळं घट्ट झाल्यावरच घ्या.

सगळं बसलं की पुढची चाकं उचला आणि स्टिअरिंग डावीकडे टोकापर्यंत फिरवा. नकलवरचा थांबण्याचा बोल्ट टेकला का? तो टेकायच्या आधी बॉक्स आतून थांबत असेल तर पंप आपला सगळा दाब बॉक्सवरच काढेल आणि सील जातील. बोल्ट बाहेर काढून असा जुळवा की आधी नकल थांबेल. उजवीकडेही तेच. ब्रेकचे होज ताणले जातात का ते याच वेळी बघा.

प्रत्येक कॅसल नटला, म्हणजे खाचांच्या नटला, स्प्लिट पिन आहे का हे हात लावून मोजा, नजरेने नको. पिनसाठी भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळा, मागे सोडू नका. टो जुळवताना चाकांच्या पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा १/१६ ते १/८ इंच जवळ ठेवा. टायरवर खडूने रेघ मारून फितीने मोजलं तरी पुरतं.

पहिली चक्कर रिकाम्या पार्किंगमध्ये मारा, मग गल्लीत, मग महामार्गावर. स्टिअरिंगचं चाक तिरकं उभं राहत असेल तर ते काढून दुसऱ्या दात्यावर बसवू नका. तसं केलं तर बॉक्स आपल्या घट्ट मध्यावरून सरकतो आणि सरळ रस्त्यावर झोल येतो. ड्रॅग लिंकची नळी फिरवा, चाक सरळ येईल. शंभरेक मैल झाले की आर्मचे स्टड, बॉक्सचे बोल्ट आणि नळीचे लॉक नट पुन्हा टॉर्क पान्ह्याने तपासा. माझ्या गाडीचे चारपैकी दोन स्टड पहिल्या तपासणीत पाव फेरी आवळले गेले.